गुंजेचा लाल दिवा

मुलांनो,

मागच्या महिन्यात मी तुमच्या पत्राला जे उत्तर पाठवले, त्यातले एक वाक्य खोटे होते. तुम्ही लिहिले होते की तुमच्याकडे आता दोन इंजिने आणि नऊ मालडबे झाले, आणि विचारले होते, "आजी, तू लहान असताना तुमच्या घरात अशी गाडी होती का?" मी लिहिले, "नाही, आमच्या वेळी असले खेळ नव्हते." पत्र टपालात टाकले आणि त्या दिवसापासून माझे कशात लक्ष लागेना. कपाटातले कपडे तीन वेळा काढून पुन्हा घडी करून ठेवले. शेवटी ठरवले की पहिल्यापासून क्रमाने लिहून काढावे.

आमच्या घरात गाडी होती. एक इंजिन आणि चौदा मालडबे. पंधरावाही होता. ती गाडी माझ्या आत्याने केली होती.

माझे वडील कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आमचे घर धक्क्याच्या मागच्या बाजूला होते. परसात विहीर, विहिरीपलीकडे निवडुंगाचे कुंपण, आणि कुंपणापलीकडे चाळीस पावलांवर मालगाड्यांचे रूळ. लग्नानंतर वर्षभरातच आत्याचा नवरा वारला आणि घाटावरच्या सासरहून तिला आगगाडीने आमच्याकडे आणून सोडले. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मला आठवते तेव्हा ती पंचविशीची असेल. केस काढलेले, अंगावर आलवण, आणि हात सदा कशात तरी गुंतलेले. घरचा सोवळ्यातला स्वयंपाक तिच्याकडे होता. दुपारी आई आणि धाकटी भावंडे निजली की ती परसात विहिरीच्या कट्ट्यावर बसे आणि गाड्या बघे.

पहिले इंजिन तिने मला खेळायला म्हणून केले. वेळूचे पेर हा त्याचा बॉयलर. त्यावर रॉकेलच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला. पत्रा कापायला अडकित्ता, भोके पाडायला दाभण. वरचा घुमट म्हणजे अर्धी सुपारी. चाके दोऱ्याच्या रिळांची, विळीवर चकत्या पाडून नंतर दगडावर घासून गोल केलेली. काजळ आणि अळशीचे तेल खलून काळा रंग दिला होता. ते बघून मी खेळायचेच विसरले. ते खेळणे नव्हतेच, आमच्या परसामागून जाणारे इंजिन कोणीतरी मंत्र घालून लहान केल्यासारखे होते.

मग डबे सुरू झाले. वर्षाला चार-पाच, त्याहून अधिक नाहीत, कारण तिला एखाद्या डब्याची बिजागरी नीट दिसली नाही तर तोच डबा पुन्हा धक्क्याला लागेपर्यंत ती थांबे. कापसाच्या गाठींचा उघडा डबा, गवताचा, ठाण्याकडच्या मिठागरांतून मीठ घेऊन येणारा बंद डबा, घोड्यांचा, पाण्याच्या टाकीचा. डबे एकमेकांना जोडायचे आकडे आईच्या केसांतल्या मोडक्या आकड्यांचे होते. सुतार वापरतात तो सरस तिला चालत नसे, तो चामड्याचा. ती बाभळीचा डिंक वापरी. डिंक वाळायला फार वेळ लागतो, त्यामुळे एकेक डबा चार-चार दिवस फडताळावर दोऱ्याने बांधून ठेवलेला असे. हा डिंक आणून द्यायची आमच्याकडे लाकडाच्या मोळ्या घालणारी आगरीण. ती दर खेपेला फडताळाकडे बघून विचारी, "काय गो बाय, ही गारी कवा सुटल?"

आत्या म्हणे, "सगळे डबे आले की."

मी एकदा विचारले, "आत्या, माणसांचे डबे का नाही करत?"

"माणसांच्या डब्यात मी एकदाच बसले," ती म्हणाली. "पुरे झालं."

आता माझ्या वहीबद्दल. वडिलांनी मला घरीच इंग्रजी शिकवायला सुरुवात केली होती, आणि मला नीटनेटकेपणाची तेव्हापासून खोड. डब्यांवरची अक्षरे आणि आकडे आत्या चित्रासारखी उतरवी. तिला ती वाचता येत नसत. मी ती वाचून दाखवी आणि एका वहीत प्रत्येक डब्याची नोंद करी. अनुक्रम, कसला डबा, त्यावर काय लिहिले आहे, कोणत्या महिन्यात पुरा झाला. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. वहीच्या पहिल्या पानावर मी वळणदार अक्षरांत लिहिले होते, "माझा आगगाडीचा संग्रह". लिहिताना मनात खरोखर काही पाप नव्हते. वही माझी होती, एवढाच त्याचा अर्थ. पण वहीत नोंदवायच्या सगळ्या गोष्टी मला सुचल्या, आणि कोणी केले हे तेवढे सुचले नाही.

चौदा डबे झाल्यावर आत्याने गार्डाचा डबा घ्यायचे ठरवले. त्यामागे एक कारण होते. गाडी येताना सिग्नलच्या केबिनजवळचा माणूस सगळी गाडी सोडून शेवटच्या डब्याकडेच का बघतो, हे तिला बरेच दिवस पडलेले कोडे होते. तिने वडिलांना विचारले. वडील म्हणाले, "अगं, शेवटी लाल दिवा असतो. तो दिसला म्हणजे गाडी पुरी आली. घाटात कधी साखळी तुटते आणि चार डबे मागे राहतात. इंजिन बाकीची गाडी घेऊन येतं पुढे. दिवा दिसला नाही की समजायचं, काहीतरी मागे राहिलंय."

आत्या त्या दिवशी भाकऱ्या थापताना मला म्हणाली, "बघ बयो, इतकं मोठं ते इंजिन, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. मागे कुणी राहिलं नाही ना, ते बघतात."

लाल दिव्यासाठी तिने आगरणीकडून गुंजा मागवल्या. पसाभर गुंजांमधून एक निवडली, काळा ठिपका आत जाईल अशी डब्याच्या मागच्या फळीत बसवली, आणि डिंक वाळायला डबा बांधून ठेवला. तेवढ्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू आले.

तुम्हाला हे ठाऊक नसेल. चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते. तिला झोपाळ्यात बसवतात, पुढे पायऱ्या मांडून आरास करतात, आणि एक दिवस सवाष्णी बोलावून कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे देतात. त्या वर्षी मी हट्ट धरला की आरास आगगाडीची करायची. आईला ते पटले. आत्या म्हणाली, "मांड. पण गार्डाचा डबा ओला आहे, तो राहू दे." आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "कोण काय म्हणालं, ते मला सगळं जसंच्या तसं सांगायचं हं. एक शब्द गाळायचा नाही."

कारण ती स्वतः बाहेर येणार नव्हती. सवाष्णींच्या हळदीकुंकवात तिचे तोंड दिसणे अशुभ. पाट्यावर डाळ वाटली तिने, पन्हे गाळले तिने, नैवेद्याचे ताट वाढले तिने, आणि बायका यायच्या वेळी स्वयंपाकघराचे दार लावून आत बसली तीच.

मी हिरव्या खणाचे शेत केले, रांगोळीने रूळ काढले आणि वहीतल्या क्रमाने गाडी मांडली. वही शेजारी चौरंगावर ठेवली. बायका आल्या आणि हसू लागल्या.

"अगोबाई, गौरीपुढे आगगाडी! काशीला निघाली का काय?"

"तीही मालगाडी हो! देवी बसायची कुठे, मिठाच्या डब्यात?"

आई पन्ह्याचे पेले देत म्हणाली, "माहेरी यायला मिळतंय म्हटल्यावर डबा कोण बघतो?"

त्यावर एवढा हशा झाला की मला वाटले, आत आत्यालाही हसू आले असेल.

मग मडम आली. वडिलांच्या वरच्या साहेबाची बायको. वडिलांनी तिला आमचा सण बघायला बोलावले होते, पण ती खरोखर येईल असे कोणाला वाटले नव्हते. ओसरीवर तिच्यासाठी खुर्ची मांडली. बायका एका बाजूला सरकल्या. मडम दोन मिनिटेही खुर्चीवर बसली नाही. उठून आरासीजवळ गेली, वाकली, एक डबा बोटाने पुढे ढकलून बघितला. मग चौरंगावरची वही उचलली, माझे इंग्रजी अक्षर बघितले, पान उलटले आणि माझ्याकडे वळून विचारले. प्रश्न मला पुरा समजला. इंग्रज माणसाच्या तोंडून आलेले, माझ्यासाठी असलेले ते पहिलेच वाक्य होते. तिने विचारले, हे सगळे तू केलेस का?

मी म्हणाले, "येस, मॅडम."

तुम्ही म्हणाल, दहा वर्षांची पोर, घाबरली असेल. मी घाबरले नव्हते. मला फार आनंद झाला होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मी इंग्रजीत उत्तर दिले होते आणि मडम हसली होती. वडील खांबाजवळ उभे होते. त्यांनी तोंड उघडले, मग मिटले, आणि पगडी सारखी केली.

मडम म्हणाली, हे साहेबांना दाखवायला हवे. वडील लगेच म्हणाले, "न्या ना, न्या, आपलीच आहे." शिपायाने गौरीपुढून इंजिन आणि चौदा डबे उचलून टोपलीत ठेवले. रांगोळीचे रूळ रिकामे राहिले. वही मडमेने मला परत दिली.

पुढे बरीच वर्षे मी मनाला समजावत असे की खरे सांगितले असते तर बायका उठून गेल्या असत्या. विधवेने केलेली वस्तू गौरीपुढे मांडली म्हणून आईला बोल लागला असता. म्हणजे मी आईची अब्रूच राखली. हे समर्थन मी इतके नीट घासूनपुसून ठेवले होते की ते मला खरे वाटू लागले. पण त्या दिवशी त्या सगळ्या जणी आत्याने वाटलेली डाळ खात होत्या, आणि ती कोणी वाटली हे प्रत्येकीला ठाऊक होते. एकीने तर विचारलेही, "डाळ वन्संनीच वाटली ना गं? त्यांच्या हातालाच ही चव." तिच्या हातची डाळ गौरीला चालत होती. मग तिच्या हातचे इंजिन का चालले नसते? मी नुसते "माझ्या आत्याने" म्हटले असते तर कोणीही उठले नसते. फार तर चार जणींनी दाराकडे बघितले असते.

बायका गेल्यावर मी आत गेले. आत्या दाराला टेकून बसली होती.

"ती गोरी बाई काय म्हणाली? तू येस म्हणालीस तेवढं ऐकलं मी. येस म्हणजे हो ना?"

"हो."

"काय विचारलं तिनं?"

मी म्हणाले, "गाडी छान आहे ना, असं विचारलं."

आत्या जरा विचार करून म्हणाली, "आणि तू हो म्हणालीस. बरं केलंस." मग तिने बायका काय काय बोलल्या ते विचारून घेतले आणि मिठाच्या डब्याच्या विनोदाला पुन्हा हसली. शेवटी म्हणाली, "गाडी परत कधी येणार?"

गाडी परत आली नाही. आठवड्याने मडमेची चिठ्ठी आली. एवढ्या हुशार हाताच्या मुलीला शाळेत घालावे, ठाण्याच्या मुलींच्या शाळेतल्या बाईंशी मी बोलते, असे तिने लिहिले होते. ठाण्याला माझे मामा राहत. सगळे जुळून आले. आईने माझ्यासाठी दोन नवी परकर-पोलकी शिवली. गाडी साहेबाच्या दिवाणखान्यात मांडली आहे, असे वडील जेवताना सांगत, पण आत्या वाढायला आली की विषय बदलत.

गार्डाचा डबा वाळला होता. मी ठाण्याला जायच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याने तो फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"हा त्या बाईला देऊन ये. गाडी तिच्याकडे राहिली तर राहू दे. पण पुरी तरी असू दे."

"कशाला, आत्या? तिला काय कळतंय."

"तिला नाही, पण तिच्या नवऱ्याला कळेल. रेल्वेचा साहेब ना तो? रोज बघत असेल आणि म्हणत असेल, कुणी केली ही, शेवटचा दिवा विसरली."

आगरीण साहेबाच्या बंगल्यावरही लाकडे घालत असे. तिच्याबरोबर मी निघाले. वाटभर एकच गोष्ट मनात होती. मडम डबा हातात घेईल, उलटा करून बघेल आणि विचारील, ही गुंज कशी बसवलीस? फळी न फुटता एवढे भोक कसे पाडलेस? मला ते ठाऊक नव्हते. मी तो डबा होताना रोज बघितला होता, पण वहीकडे लक्ष ठेवून. मला उत्तर देता येणार नाही, मडमेला कळेल, आणि उद्या ठाण्याला जाणे राहून जाईल. बंगल्याच्या फाटकाशी मी थांबले. आगरीण मोळी टाकून परत आली तरी मी तिथेच होते.

"काय गो बाय, दिला नाय?"

"मडम झोपलीय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितले. व्हरांड्यात मडम खुर्चीवर बसून काहीतरी शिवत होती. आम्हा दोघींनाही ती दिसत होती. आगरीण चालू लागली.

घरी आल्यावर मी डबा माझ्या नव्या ट्रंकेत, परकरांच्या खाली ठेवला.

"दिलास?" आत्याने विचारले.

"दिला."

"दिवा बघितला तिनं?"

"बघितला. हसली."

आत्याने डोळे मिटले आणि म्हणाली, "झालं. पुरी झाली."

ठाण्याला मी सात वर्षे शिकले. पुढे त्याच शाळेत मी शिकवले, तुमच्या आजोबांना शिकलेली बायको हवी होती म्हणून त्यांनी मला केले, तुमच्या बाबांना मी इंग्रजी शिकवले आणि त्या इंग्रजीच्या बळावर ते विलायतेला गेले. घरात सगळे म्हणतात, आजीने हे सारे कष्टाने उभे केले. कष्ट मी केलेच. पण पायाशी तो एक "येस" आहे.

सुटीत कल्याणला गेले की आत्या माझ्या वह्या बघे, अक्षरांवरून बोट फिरवी. तिने नंतर एकही डबा केला नाही. दुपारी कट्ट्यावर बसे, गाडी गेली की शेवटचा दिवा बघे आणि उठे. मी ते बघत असे आणि ठरवत असे, उद्या सांगू. ठाण्याची गाडी धरायची वेळ आली की वाटे, पुढच्या सुटीत. एकदा तिने एवढेच विचारले, "गुंज पडली नसेल ना गं? डिंकच तो." मी म्हणाले, "नाही पडली." हे मात्र खरे होते. माझ्या ट्रंकेत मी दर महिन्याला बघत होते. त्याआधीच साहेब मडमेला घेऊन विलायतेला परत गेला होता, आणि गाडीही त्यांच्याबरोबर गेली, असे वडिलांनी मला हळूच सांगितले होते.

आत्या गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ताप आला, आठ दिवसांत संपले. मी पोचले तेव्हा तिचे अंथरूणही उचलले होते. आगरीण परसदारी उभी होती. मी तिला विचारणार होते की, आत्याला तू काही सांगितले होतेस का? मला धीर झाला नाही. आत्याला ठाऊक होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही. ठाऊक असून तिने "पुरी झाली" म्हटले असेल, तर माझी लाज दुप्पट होते.

दिवस झाल्यावर वडील ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. पगडी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "तू येस म्हणालीस तेव्हा मी तिथं होतो. मीच बोलायला हवं होतं." मला वाटले होते की हे ऐकून भार हलका होईल. झाला नाही. त्यांचा वाटा त्यांचा, माझा माझाच राहिला.

या पत्राबरोबर एक लाकडी पेटी पाठवत आहे. कापसात गुंडाळलेला तो गार्डाचा डबा आहे. काळा रंग कडेला उडाला आहे, एक चाक जरा घट्ट फिरते, त्याला तेलाचा एक थेंब द्या, जास्त नको. बरोबर माझी वहीही आहे. पहिल्या पानावरचे "माझा" मी काल खोडले. पंधराव्या डब्याची नोंद इतकी वर्षे कोरी होती, ती भरली, आणि उजवीकडे नवा रकाना आखून पंधराही डब्यांपुढे आणि इंजिनापुढे लिहिले, "आत्याने केला", "आत्याने केले". हात कापतो, त्यामुळे अक्षर पूर्वीसारखे नाही.

बाकीची गाडी तुमच्याच देशात कुठेतरी कोणाच्या माळ्यावर असेल, नाहीतर कधीच चुलीत गेली असेल. ती शोधा असे मी म्हणत नाही. तुमच्या गाडीला हा डबा शोभणारही नाही, आणि तुमच्या रुळांवर त्याची चाके बसतील असे वाटत नाही. तरी सुटीच्या दिवशी गाडी मांडाल तेव्हा शेवटी, रुळांच्या बाहेर का होईना, तो ठेवा. गुंज मागच्या बाजूला आली पाहिजे. बघायला कोणी आले आणि हे कोणी केले असे विचारले, तर माझे नाव सांगू नका.